डायलिसिस आणि रात्रीचे अस्वस्थ पाय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. आठवड्यातून तीनदा संध्याकाळच्या पाळीत डायलिसिस असतं. मशीनवर पडलं की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. ‘अर्धा तास आधी काढा’ म्हणून मागे लागतात. रात्रीही उठून फेऱ्या मारतात. गोळ्या आधीच ढीगभर आहेत. औषधाशिवाय काही करता येईल का? शेजारी रोज दोन केळी द्या म्हणतात.

उत्तर : केळी देऊ नका. शहाळ्याचं पाणीही नको, आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या मनाने तर अजिबात नकोत. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतात. ती वाट बंद असताना पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

आधी हे गोळे नाहीत ना, ते पाहा. त्रास होताना पोटरीला हात लावा. दगडासारखी घट्ट आणि दुखरी लागली तर तो गोळा; बऱ्याचदा पाणी फार वेगाने किंवा जास्त काढल्याने येतो, तेव्हा ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन) तपासायला सांगा. पोटरी मऊ, चाललं की बरं, बसलं की पुन्हा सुरू, आणि संध्याकाळनंतर जास्त, असं असेल तर ते अस्वस्थ पाय.

यावर आमचा सर्वांत जास्त भरवसा मशीनवर असतानाच्या व्यायामावर आहे. पलंगाच्या पायथ्याशी बसवायचं छोटं पेडल मिळतं. डॉक्टरांची परवानगी घेऊन पहिल्या दोन तासांतच ते मारायचं, कारण पुढे अंगातलं पाणी कमी होत जातं आणि रक्तदाब खाली येण्याची भीती वाढते. सुरुवात ५ मिनिटांनी, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत ३० पर्यंत. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच दम लागू द्या. चक्कर, छातीत दुखणं, घाम आला की थांबून टेक्निशियनला हाक मारा. फिस्टुलाचा हात, म्हणजे ज्यात डायलिसिसच्या सुया टोचलेल्या असतात तो, हलवायचा नाही. जांघेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर पेडल नकोच. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात. बरेच जण पंधरा दिवसांत सोडून देतात, तिथेच गाडी अडते.

पेडल नसेल तर तळव्याला टॉवेल अडकवून दोन्ही टोकं मोकळ्या हाताने स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून. ३० सेकंद धरा, प्रत्येक पायाला तीनदा. घरी झोपण्यापूर्वीही हेच.

मालिशने त्या रात्रीपुरता आराम मिळतो. घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने, प्रत्येक पायाला दहा मिनिटं. इराणमधल्या अभ्यासांत लॅव्हेंडर तेलाने फायदा दिसला, पण घरातलं तिळाचं तेलही चालेल. आमच्या मते काम हाताचं आहे, वासाचं नव्हे. डायलिसिसच्या दिवशी जोर लावू नका, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे काळं-निळं पडतं. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर मालिश न करता डॉक्टरांना दाखवा, आत रक्ताची गाठ असू शकते.

कोमट पाण्यात पाय १५ मिनिटं ठेवता येतात. पण मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते, पाणी पोळतंय हे वडिलांना कदाचित कळणारच नाही. म्हणून दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावं, शक्यतो थर्मामीटरने ४० अंशांच्या आत ठेवावं. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. जखम असेल तर नको. गरम पाण्याची पिशवीही नको.

चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, खाजेसाठीचं फेनिरामिन, नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवतात. मनाने बंद करू नका, पर्याय विचारा. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या रक्ततपासण्याही करून घ्या. लोह कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय नुसत्या मालिशने भागणार नाही.

आणि मशीन लवकर काढू नका, त्याने रक्तातली घाण मागे राहते. त्यापेक्षा सकाळची पाळी मागा.

प्रश्न : मलाही हाच त्रास आहे. चहा आणि मशेरी सोडावी लागेल का?

उत्तर : सकाळचा एक कप ठेवा, डॉक्टरांनी दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्याच्या हिशेबात धरून. दुपारनंतर चहा-कॉफी दोन आठवडे बंद करून पाहा; सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, पण पैसा लागत नाही. मशेरी मात्र सोडाच. निकोटिनने झोप उडते, आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तवाहिन्यांना तंबाखू परवडत नाही.