पीबडींची एका पेनीची बस

प्रश्न : लंडनला मुलीकडे गेले होते, तेव्हा रॉयल एक्स्चेंजच्या मागे खुर्चीत बसलेल्या एका गृहस्थांचा पुतळा पाहिला. जॉर्ज पीबडी, अमेरिकन बँकर. घरी येऊन थोडं वाचलं, तर कुणी त्यांना मोठे दानशूर म्हणतं आणि कुणी पक्के चिक्कू. खरं काय धरायचं? आणि अमेरिकन माणसाचा पुतळा लंडनमध्ये कसा?

उत्तर : दोन्ही खरं धरा.

तो पुतळा मीही पाहिलाय. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे मला आधी आठवली ती बसची गोष्ट. पीबडींचे भागीदार ज्युनियस मॉर्गन ती सांगत असत. एकदा ऑफिसात पीबडींना बरं वाटत नव्हतं, म्हणून मॉर्गननी त्यांना घरी जायला लावलं. थोड्या वेळाने मॉर्गन स्वतः बाहेर पडले, तर म्हातारा रस्त्यात पावसात उभा! अजून इथेच कसे, असं विचारलं तर उत्तर आलं, आत्तापर्यंत दोन पेनीचीच बस आली, मी एक पेनीवाल्या बसची वाट बघतोय. तेव्हा बँकेत त्यांच्या नावावर दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम होती.

दुसरी गोष्ट सफरचंदाची. दुपारच्या खाण्यासाठी ऑफिसातला पोऱ्या सफरचंद आणायला जायचा. सफरचंद दीड पेनीचं, पीबडी देणार दोन पेनी. उरलेली अर्धी पेनी आपल्याला सुटेल अशी त्या पोराला रोज आशा, आणि पीबडी ती न चुकता परत मागून घेणार. माझी सगळी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. अर्ध्या पेनीचा हिशेब ठेवणारी माणसं मी बरीच पाहिली. त्यांच्यातल्या कुणी पुढे जाऊन अख्खी वस्ती बांधून दिल्याचं मात्र पाहिलं नाही.

या चिकटपणाचं मूळ लहानपणात आहे. जन्म १७९५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ डॅनव्हर्सचा, घर गरिबीचं. शाळा जेमतेम चार वर्षं. अकराव्या वर्षी वाण्याच्या दुकानात उमेदवारी. पुढे जॉर्जटाउनला कापडाचं दुकान, इंग्लंडविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात थोडे दिवस सैन्यात, तिथे एलिशा रिग्ज हे व्यापारी भेटले आणि त्यांच्याबरोबर भागीदारी. धंदा बाल्टिमोरला गेला, वाढला. १८३७ मध्ये पीबडी कायमचे लंडनला आले, आणि कापडाचा व्यापारी हळूहळू बँकर झाला.

आता पुतळा लंडनमध्ये कसा, ते. पीबडींनी पैसा कमावला लंडनमध्ये, आणि पुढे त्यातून लंडनच्याच गरिबांना मोठं दान दिलं. त्या काळी अमेरिकेत कालवे आणि रेल्वे बांधायला भांडवल लागायचं, आणि भांडवल होतं लंडनमध्ये. मेरिलंड राज्याचे ८० लाख डॉलरचे कर्जरोखे खपवायच्या कामावर पीबडींची नेमणूक झाली होती. नेमकी ते लंडनला आले त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली. पुढच्या काही वर्षांत एकामागून एक राज्यांनी व्याज थांबवलं, त्यात मेरिलंडही. अमेरिकन रोखे विकणाऱ्या माणसाकडे लंडनमध्ये लोक कसे बघत असतील, याची कल्पना करा. पीबडींनी तग धरला. राज्य आज ना उद्या पैसे देईल, असं ते घेणेकऱ्यांना सांगत राहिले, आणि पडेल भावात रोखे स्वतःही घेत राहिले. मेरिलंडने १८४८ मध्ये व्याज पुन्हा सुरू केलं. पीबडींचं उखळ पांढरं झालं. मात्र त्या विक्रीवरची हक्काची ६०,००० डॉलरची दलाली त्यांनी राज्याकडून घेतली नाही.

मला या माणसाची खरी ओळख इथे पटते. बाजारातून नफा पुरेपूर काढायचा, पण अडचणीत असलेल्या राज्याकडून दलाली घ्यायची नाही. दोन्ही एकाच खतावणीत.

१८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकन वस्तू येऊन पडल्या होत्या, पण दालन सजवायला अमेरिकन सरकारने पैसेच दिले नव्हते. पीबडींनी १५,००० डॉलर पुढे केले. मॅकॉर्मिकचं कापणी यंत्र आणि कोल्टची रिव्हॉल्वर इंग्रजांनी तिथे पाहिली. ४ जुलैला पीबडींनी मेजवानी दिली, तिला खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन हजर. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला इंग्रज सेनापती जेवायला, आणि यजमान कोण, तर स्वतः मटणाच्या एका साध्या चॉपवर दिवस काढणारा माणूस!

प्रश्न : पीबडींनी लंडनच्या गरिबांना घरं बांधून दिली म्हणतात. ती फुकट होती का?

उत्तर : छे! फुकट देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. १८६२ मध्ये त्यांनी दीड लाख पौंड विश्वस्तांच्या हाती दिले. पुढे भर घालत घालत एकूण रक्कम पाच लाखांवर गेली. पहिली इमारत स्पिटलफील्ड्समध्ये १८६४ साली उघडली. ५७ बिऱ्हाडं, खाली ९ दुकानं, वरच्या मजल्यावर कपडे धुण्याची सोय.

भाडं आठवड्याचं, आणि तेही आगाऊ. ते जमा होत राहायचं आणि त्यातून पुढच्या इमारती उभ्या राहायच्या. म्हणूनच ती संस्था आजही चालू आहे. नियम वाचून मला आमच्या कर्जमंजुरीच्या पत्रांची आठवण झाली. घरातल्या प्रत्येकाला देवीची लस टोचलेली असल्याशिवाय अर्जच घेणार नाही. जिने आणि पॅसेज रोज सकाळी दहाच्या आत झाडायचे, दर शनिवारी धुवायचे, आणि ते भाडेकरूंनी आळीपाळीने. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. सतरंज्या दहानंतर झटकायच्या नाहीत. दारू पिऊन दंगा केला की लगेच घर खाली करायची नोटीस.

टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. दर आठवड्याला आगाऊ भाडं कोण भरणार? ज्याचा पगार ठरलेला आहे तो. रोज गोदीवर जाऊन काम मिळालं तर मिळालं, अशा मजुराला या जिन्यावर पाय ठेवता येत नव्हता. दान सगळ्यांत खालच्या माणसापर्यंत पोचलं नाही, त्याच्या एक पायरी वर थांबलं. बँकेचं कर्जही बहुधा तिथेच थांबतं, हे मी स्वानुभवाने सांगते.

राणी व्हिक्टोरियाने त्यांना सरदारकी देऊ केली होती. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. मग राणीने स्वतःचं एक छोटं चित्र करवून घेऊन पाठवलं.

प्रश्न : अमेरिकेला काय दिलं?

उत्तर : पुष्कळ. बाल्टिमोरला पीबडी इन्स्टिट्यूट, तिथलं संगीत विद्यालय आजही नावाजलेलं आहे. हार्वर्ड आणि येल या दोन्ही ठिकाणी संग्रहालयांसाठी दीड-दीड लाख डॉलर. (येलला ओथनील मार्श हा भाचा जीवाश्मांच्या मागे लागलेला होता, मामाने त्याचं ऐकलं.) जन्मगावी ग्रंथालय.

सगळ्यांत मोठा १८६७ चा शिक्षण निधी. यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या दक्षिणेतल्या शाळांसाठी रोख दहा लाख डॉलर, दोन वर्षांनी आणखी दहा लाख. सोबत मिसिसिपी राज्याचे रोखेही दिले. ते मिसिसिपीने कधीच फेडले नाहीत! मेरिलंडच्या बाबतीत लागलेला डाव इथे लागला नाही. निधीच्या कारभाराला आणखी एक डाग आहे: कृष्णवर्णीयांच्या शाळांना मिळणारी मदत गोऱ्यांच्या शाळांच्या दोन तृतीयांश दराने दिली जायची. निधीचे प्रमुख बार्नस सिअर्स यांनी ते ठरवलं होतं.

प्रश्न : जे. पी. मॉर्गन बँक त्यांचीच का?

उत्तर : मुळाशी, हो. लग्न नाही, पेढी चालवायला मुलगा नाही, म्हणून १८५४ मध्ये ज्युनियस मॉर्गनना भागीदार घेतलं. १८६४ मध्ये निवृत्त होताना पीबडींनी आपलं भांडवल काढून घेतलं आणि नावही. ज्युनियसना ‘जे. एस. मॉर्गन अँड कंपनी’ अशी नवी पाटी लावावी लागली. जे. पी. म्हणजे या ज्युनियस यांचा मुलगा. बसची गोष्ट सांगताना ज्युनियस यांच्या मनात ती पाटी असेलच, असं मला आपलं वाटतं.

प्रश्न : त्यांचं शव युद्धनौकेतून नेलं, हे खरं?

उत्तर : खरं. ४ नोव्हेंबर १८६९ ला ते लंडनमध्ये वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना तात्पुरतं पुरण्यात आलं, कारण जन्मभूमीत दफन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मग ब्रिटिश आरमाराची ‘मोनार्क’ ही नवीकोरी युद्धनौका शव घेऊन अटलांटिकपार निघाली, सोबत अमेरिकन ‘प्लिमथ’. जानेवारीत दोन्ही जहाजं मेन राज्यातल्या पोर्टलंडला लागली. ८ फेब्रुवारी १८७० ला सेलमच्या हार्मनी ग्रोव्ह दफनभूमीत दफन झालं. शेजारच्या साउथ डॅनव्हर्सने त्याआधीच, १८६८ मध्ये, गावाचं नाव बदलून पीबडी ठेवलं होतं. तिथली माणसं ते ‘पीबडी’ असं, मधला स्वर गिळून म्हणतात. तुमच्या मुलीला सांगा, ‘पीबॉडी’ म्हटलं की बाहेरचा माणूस लगेच ओळखू येतो.