सायटेशन्स भरपूर आहेत, पण मूळ पेपर उघडलाय का?

तुम्ही विचारलंय की एखाद्या पेपरला शेकडो सायटेशन्स असतील, म्हणजे इतर शेकडो पेपर्सनी त्याचा संदर्भ दिला असेल, तर तो संदर्भ म्हणून बिनधास्त घ्यावा का. माझं मत : आधी तो उघडून वाचा, आकड्याचं नंतर बघू.

१९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मजकूर आला होता. पेपर नव्हे, संपादकांना पाठवलेलं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र. रुग्णालयात भरती असताना अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या जवळपास बारा हजार रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांत व्यसन जडल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. तरीही 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याला पुरावा म्हणून ते वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. २०१७मध्ये त्याच जर्नलात कुणीतरी हिशोब मांडला : ६०८ सायटेशन्स, त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त याच दाव्यासाठी, आणि बहुतेकांनी 'रुग्णालयातले रुग्ण' हा तपशील गाळलेला. जर्नल नामांकित, पत्र खरं, आकडे खरे. घोळ उद्धृत करणाऱ्यांनी घातला.

म्हणून संदर्भ घेताना मी तीनच गोष्टी बघतो : नमुना कोणाचा होता, मोजलं काय, आणि मला जो दावा करायचाय तो लेखकांनी स्वतः केलाय का. अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर (सुरुवातीच्या सारांशावर) हे कळत नाही, मेथड्स (अभ्यास कसा केला तो भाग) वाचावंच लागतं. (कंटाळवाणं असतं, मान्य.)

दुसरं, पेपर मागे घेतला गेलाय का हे तपासा. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा 'लॅन्सेट'मधला १९९८चा पेपर २०१०मध्ये मागे घेतला गेला, पण जुनी पीडीएफ ज्याच्याकडे आहे त्याला ते कळणार कसं? मागे घेतलेल्या पेपर्सची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस फुकट आहे, तिथे शोधा.

जर्नलबद्दल थोडक्यात : आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, तो फक्त ओळख क्रमांक. दोन दिवसांत 'पीअर रिव्ह्यू' (त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) उरकून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

आणि चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी असेल तर प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून बघा. लेखक खरा, जर्नल खरं आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं.