बुंडेसलिगाचा मालक कोण? जर्मनीतली व्यावसायिक फुटबॉल लीग चालते तरी कशी?

तुम्ही विचारलंय की कंत्राटाची मुदत संपत आली म्हणून आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉल लीग, २०२५-२६ च्या हंगामात वेळेवर सुरूच होऊ शकली नाही, मग जर्मनीत असं का होत नाही? आणि बुंडेसलिगा नक्की कुणाची: सरकारची, महासंघाची की एखाद्या कंपनीची?

एका शब्दात उत्तर: क्लबांची. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण 'क्लबांची' म्हणजे काय हे मलाच इथे येऊन दोन-तीन वर्षं नीट कळलं नव्हतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध शिवाजी हे तालमींचे फुटबॉल सामने बघत मोठा झालो. नोकरीमुळे गेली काही वर्षं डॉर्टमुंडला असतो आणि बोरुसिया डॉर्टमुंडचा सभासद आहे. सभासद म्हणजे नुसता चाहता नव्हे. वर्गणी भरलेला आणि वार्षिक सभेत मत असलेला. म्हणून जे सांगतोय ते थोडं घरातलं आहे, थोडा पक्षपात धरून चाला.

आपल्याकडचा जिल्हा दूध संघ डोळ्यांसमोर आणा. गावोगावचे शेतकरी गावच्या दूध संस्थेचे सभासद असतात, त्या संस्था मिळून वरचा संघ होतो, आणि संघाच्या निवडणुकीत प्रत्येक संस्था ठराव करून आपला एक माणूस मतदानाला पाठवते. बुंडेसलिगाचं गणित जवळपास हेच आहे. पहिल्या विभागाचे १८ आणि दुसऱ्या विभागाचे १८, असे ३६ क्लब मिळून एक नोंदणीकृत संस्था आहे. तिचं नाव डीएफएल. या संस्थेच्या मालकीची, त्याच नावाची एक कंपनी फ्रँकफर्टला आहे. रोजचा कारभार ती कंपनी बघते, पण मोठे निर्णय ३६ जणांच्या सर्वसाधारण सभेतच होतात. प्रत्येकाला एक मत. बायर्न म्युनिकला एक आणि झारलँडमधल्या एल्फर्सबर्गसारख्या खेड्याच्या क्लबलाही एकच. हंगाम संपला की दुसऱ्या विभागातून घसरलेले क्लब संस्थेतून बाहेर पडतात आणि वर आलेले आत येतात. म्हणजे संघाचे सभासदच दरवर्षी बदलतात! हे मला फार गमतीचं वाटतं.

महासंघ वेगळा. त्याचं नाव डीएफबी. राष्ट्रीय संघ, पंच, जर्मन कप आणि तिसऱ्या विभागापासून खालचं सगळं त्याच्याकडे. २००० सालच्या अखेरीपर्यंत बुंडेसलिगाही तोच चालवायचा. मग व्यावसायिक क्लब वेगळे झाले, त्यांनी आपली संस्था काढली आणि महासंघाने वरचे दोन विभाग चालवण्याचा हक्क तिला कराराने दिला. त्या बदल्यात क्लब महासंघाला पैसे देतात, आणि राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडतात.

म्हणजे कंत्राट इथेही आहे. फरक आहे तो कंत्राटदारात. भारतीय महासंघाने २०१० साली १५ वर्षांचा करार केला तो एका बाहेरच्या व्यापारी कंपनीशी, आणि क्लब नंतर भाडेकरूसारखे आले. करार संपायची वेळ आली तेव्हा कंपनी आणि महासंघ यांचं जमेना, आणि एफसी गोवा काय किंवा मुंबई सिटी काय, क्लब खेळाडूंचे पगार कसे भागवायचे या काळजीत बसून राहिले. जर्मनीत करारावर सही करणारे स्वतः क्लबच आहेत. करार संपत आला की तेच बोलणी करतात आणि पुढचा करार होतो. आपलंच दुकान बंद ठेवून कोण बसेल?

आता फ्रँकफर्टची कंपनी दिवसभर करते काय? वेळापत्रक हे सगळ्यात किचकट काम. दोन विभागांचे मिळून ६१२ सामने. त्यात युरोपातल्या स्पर्धांचे दिवस, पोलिसांचं म्हणणं, गावातली प्रदर्शनं, शेजारच्या दोन क्लबांचे सामने एकाच दिवशी येऊ नयेत ही खबरदारी. शेवटच्या फेरीचे पहिल्या विभागाचे सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, कुणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये म्हणून. सामन्यांचं चित्रण वाहिन्या करत नाहीत, डीएफएलचीच उपकंपनी करते आणि वाहिन्यांना तयार प्रक्षेपण देते. चेंडूसुद्धा लीगच ठरवते. २०१० पर्यंत प्रत्येक यजमान क्लब आपापल्या पसंतीचा चेंडू आणायचा, हे ऐकून मला आमचे गल्लीतले सामने आठवले.

पण कंपनीचा खरा दरारा परवान्यात आहे. प्रत्येक क्लबला दर हंगामाला नवा परवाना लागतो. वसंतात क्लब आपले हिशेब पाठवतात, आणि पुढचा अख्खा हंगाम संपेपर्यंत पगार भागतील एवढा पैसा दिसतो का, हे तपासलं जातं. नुसतं पैशाचंच बघत नाहीत. स्टेडियम कसं आहे, मुलांची प्रशिक्षण केंद्रं आहेत का, हेही बघतात. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटातच गारद झाली, त्यानंतर प्रशिक्षण केंद्राची अट आली. २०१४ च्या विश्वविजेत्या संघातली बरीच पोरं त्याच केंद्रांतून आलेली.

परवाना नाकारतात म्हणजे खरंच नाकारतात. आमच्या शेजारच्या डुइसबर्गचं उदाहरण घ्या. हा बुंडेसलिगाच्या पहिल्या हंगामातला, १९६३ मधला क्लब. २०१३ मध्ये दुसऱ्या विभागात मैदानावर तो वाचला होता, पण हिशेब जमले नाहीत. परवाना गेला, अपील फेटाळलं गेलं आणि क्लब थेट तिसऱ्या विभागात. त्याच्या जागी मैदानावर हरून खाली गेलेला झांडहाउझन दुसऱ्या विभागात राहिला. तुमच्या मनात आलं असेल की हे क्रूर आहे. आहेच. पण हंगामाच्या मध्यावर क्लब बुडाला तर ३४ फेऱ्यांचा तक्ताच विस्कटतो, त्यापेक्षा उन्हाळ्यात रडलेलं बरं, असं त्यामागचं गणित.

मात्र या तपासणीमुळे सगळे सुखरूप असतात असं समजू नका. २००५ च्या मार्चमध्ये आमचा डॉर्टमुंडच दिवाळखोरीच्या दारात उभा होता. स्टेडियम एका फंडाला विकून परत भाड्याने घेतलेलं. त्या फंडातल्या गुंतवणूकदारांनी सभेत सवलत दिली म्हणून वाचला.

पैशाचं थोडं सांगतो. प्रक्षेपण हक्क क्लब सुटे विकत नाहीत. डीएफएल ते एकत्र विकते आणि वाटून देते. २०२५-२६ पासूनच्या चार हंगामांसाठी देशांतर्गत हक्कांचे ४.४८४ अब्ज युरो ठरलेत, म्हणजे हंगामाला सुमारे १.१२ अब्ज. या रकमेतला बराच मोठा वाटा सर्वांना सारखा मिळतो, बराचसा मैदानावरच्या कामगिरीनुसार, आणि थोडा तरुण खेळाडू घडवणाऱ्यांना व लोकांची पसंती असलेल्यांना. वाटपाची टक्केवारी ठरवताना मोठे आणि छोटे क्लब कसे भांडतात ते वाचलं की ऊसदराची बैठक आठवते.

आता मुख्य गोष्ट, ज्यामुळे ही लीग इंग्लंडपेक्षा वेगळी आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही २० क्लबच भागधारक आहेत, प्रत्येकाला एक मत, आणि ठरावाला १४ मतं लागतात. वरचा मजला सारखाच. पण तिथे क्लबाचा मालक म्हणजे कुणी शेख, कुणी अमेरिकन फंड. जर्मनीत १९९८ पासून '५०+१' नावाचा नियम आहे. क्लबने फुटबॉलसाठी वेगळी कंपनी काढावी, शेअर विकावेत, शेअर बाजारात जावं (डॉर्टमुंड २००० साली गेला), पण त्या कंपनीतली निम्म्याहून एक जास्त मतं सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजेत. पैसा बाहेरचा चालेल, शेवटचा शब्द सभासदांचा.

अपवाद आहेत, आणि ते चीड आणणारे आहेत. लेव्हरकुसेन औषधाच्या कारखान्याचा क्लब, वोल्फ्सबर्ग मोटारीच्या कारखान्याचा, त्यांना जुन्या नात्यामुळे सवलत. लाइपझिगने नियम अक्षरशः पाळलाय, पण मत देणारे सभासद इतके मोजके ठेवलेत की एका बसमध्ये मावतील. जर्मनीच्या स्पर्धा आयोगानेही २०२५ मध्ये हेच सुनावलं: नियमाला हरकत नाही, पण सगळ्यांना सारखा लावा.

हा सगळा डोलारा प्रत्यक्षात कसा हलतो हे मी २०२३-२४ च्या हिवाळ्यात बघितलं, आणि त्यासाठीच खरं तर हे उत्तर लिहायला बसलो.

डीएफएलला परदेशात लीग विकण्यासाठी, स्वतःचं स्ट्रीमिंग उभं करण्यासाठी मोठं भांडवल हवं होतं. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला हिस्सा २० वर्षांसाठी एखाद्या गुंतवणूक फंडाला द्यायचा आणि आज रोकड घ्यायची. अशा ठरावाला दोन तृतीयांश, म्हणजे ३६ पैकी २४ मतं लागत होती. मे २०२३ मध्ये २० पडली, ठराव बारगळला. डिसेंबरात हिस्सा कमी करून, जास्तीत जास्त ८ टक्के आणि १ अब्ज युरोच्या आसपास, पुन्हा मांडला. मतदान गुप्त. यावेळी बाजूने मतं पडली बरोबर २४. विरोधात १०, तटस्थ २. एक मत कमी असतं तर पडला असता.

आणि इथे ठरावधारकाची, म्हणजे संस्थेने ठराव करून मतदानाला पाठवलेल्या माणसाची, गोष्ट येते. कोल्हापूरच्या माणसाला ती वेगळी सांगायला नको. हॅनोव्हर ९६ या क्लबच्या मूळ संस्थेने आपल्या प्रतिनिधीला, मार्टिन किंड यांना, विरोधात मत द्यायची लेखी सूचना केली होती. किंड हे श्रवणयंत्रांच्या धंद्यातले मोठे उद्योजक आणि ५०+१ चे जुने विरोधक. मत काय दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण बाकी क्लबांच्या जाहीर भूमिका जुळवून पाहिल्यावर सगळ्यांची बोटं हॅनोव्हरकडे वळली. संस्थेने एक सांगायचं आणि माणसाने पेटीत दुसरंच टाकायचं, असं झालं असेल तर ५०+१ ला अर्थ काय उरला? लोक चिडले ते नुसत्या फंडावर नव्हे, या संशयावर.

मतदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात सगळीकडे सामन्याची सुरुवातीची १२ मिनिटं प्रेक्षक गप्प राहिले. डॉर्टमुंडच्या ज्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५,००० माणसं उभी राहून गातात, तिथे खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. अंगावर काटा आला. मग मैदानावर टेनिसचे चेंडू पडू लागले. सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. कुठे रिमोटवरच्या गाड्या धूर सोडत पळाल्या, हॅम्बुर्गला तर गोलपोस्टला सायकलची कुलपं लावली. बर्लिनला हेर्था आणि हॅम्बुर्गचा सामना अर्ध्या तासाहून जास्त थांबला. खेळाडू हताश उभे, पंच घड्याळाकडे बघतायत, स्वयंसेवक पाटीत चेंडू वेचतायत. माझा मुलगा घरी टीव्हीसमोर बसून चेंडू मोजत होता.

शर्यतीतल्या दोन फंडांपैकी एकाने माघार घेतली, एकच उरला, आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला डीएफएलच्या कार्यकारिणीने व्यवहार सोडून दिला. तेव्हा कार्यकारिणीचे प्रमुख होते हान्स-योआखिम वात्झके, जे त्याच वेळी आमच्या डॉर्टमुंडचेही सर्वेसर्वा होते. एकाच माणसाने क्लब आणि लीग दोन्हीकडे खुर्ची धरावी का, हा प्रश्न मला आजही खटकतो. पण क्लबांनी चालवलेल्या संस्थेत तो अटळच आहे. पुढे जुलै २०२४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने हॅनोव्हरच्या संस्थेने २०२२ मध्ये किंड यांना क्लबच्या कंपनीच्या संचालकपदावरून हटवणं वैध ठरवलं.

तुम्ही विचाराल, मग पैसा आला नाही, लीग मागे पडली का? हो, इंग्लंडच्या तुलनेत पडलीच आहे, आणि २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा बायर्नच जिंकत राहिला तेही लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांना विचारून चालणारी संस्था सावकाश चालते. माझे ऑफिसातले काही जर्मन सहकारीच म्हणतात की या चाहत्यांनी लीगचं वाटोळं केलं. मला तसं वाटत नाही, पण त्यांचं म्हणणं वेड्यासारखं नाही.

डॉर्टमुंडची वार्षिक सभा वेस्टफालेनहालेत भरते, स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं की बुंडेसलिगा सुरू करायची की नाही याचं मतदान इथल्याच सोनेरी दालनात झालं होतं, २८ जुलै १९६२ ला. १०३ विरुद्ध २६. मग ताळेबंद वाचन सुरू झालं आणि तो चक्क घोरायला लागला. मतदानाच्या वेळी मात्र मला त्याला उठवावं लागलं नाही.