नाझी काळात जॅझ वाजवणारा, पुढे बँड चालवणारा जर्मन सॅक्सोफोनिस्ट कोण?

एमिल मांगेल्सडॉर्फच असणार. १९२५ चा जन्म, फ्रँकफर्टचा. जॅझवर नाझींचा राग, तरी पोरगा रेडिओवर ऐकून ऐकून आधी अकॉर्डियन, मग क्लॅरिनेट शिकला आणि मित्रांबरोबर चोरून वाजवायचा, १९४३ ला गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) उचललाच. तिथून रशियाच्या आघाडीवर, मग सोव्हिएत कैदेत, घरी परतला थेट १९४९ ला!

नंतर आल्टो सॅक्सोफोन हातात, हेसिशर रुंडफुंक या जर्मन रेडिओचा जॅझ ग्रुप, स्वतःचा स्विंगटेट नावाचा बँड वगैरे. ट्रॉम्बोनवाला आल्बर्ट जास्त गाजला, तो ह्याचाच धाकटा भाऊ. मला मात्र एमिलचं म्हातारपणी शाळांत जाऊन मुलांना थोडं वाजवून, थोडं तो काळ सांगून शिकवणं जास्त भारी वाटतं. २०२२ मध्ये गेला, ९६ व्या वर्षी.