मेल आर्ट प्रदर्शनात कार्डं निवडायची कशी?

प्रश्न असा आहे: ‘पुण्यात हातानं केलेल्या पोस्टकार्डांचं आंतरराष्ट्रीय मेल आर्ट प्रदर्शन भरवायचंय. प्रवेश फी किती ठेवावी आणि निवड समितीत कोण असावं?’

फी शून्य. समितीत कुणीही नाही. मेल आर्ट म्हणजे पोस्टानं धाडायची कला. रे जॉन्सन या अमेरिकी चित्रकारानं न्यूयॉर्कमधून ओळखीपाळखीच्यांना कात्रणं-चित्रं धाडत १९५०-६०च्या दशकांत हा प्रकार रुजवला, तोच मुळी गॅलरीवाल्यांना न विचारता. तेव्हापासूनचा रिवाज म्हणजे फी नाही, परीक्षक नाही, कार्ड परत नाही, आलेलं सगळं लावायचं आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांची यादी पाठवायची. हे जमत नसेल तर खुशाल चित्रस्पर्धा भरवा.

तोंड पोळलंय म्हणून एवढं तिखट लिहितोय. आम्ही दोघा मित्रांनी असंच प्रदर्शन केलं होतं. पत्ता माझा, सदाशिव पेठेतला. चार महिन्यांत २१२ कार्डं आली. पोस्टमनकाका आधी “लग्न कुणाचंय?” विचारायचे, मग नातवासाठी परदेशी तिकिटं मागायला लागले. (दिली नाहीत. तिकीट आणि शिक्का हे कार्डाचंच अंग.)

मांडणीच्या आदल्या रात्री मित्रानं “दर्जा राखायला हवा” म्हणत ६३ कार्डं चपलांच्या खोक्यात भरली. त्यातलं एक ब्राझीलमधल्या रेसिफेचं. बसची दोन तिकिटं चिकटवलेली, वर रबरी शिक्का, बास. “उद्या वाण्याची यादीही लावशील!” मी म्हटलं, “पोस्टानं आली तर लावीन.” पण हॉल त्याच्या ओळखीनं मिळालेला, म्हणून पुढे गप्प बसलो.

त्याच रेसिफेत १९७६ साली पाउलो ब्रुस्की या कलावंतानं पोस्टाच्या इमारतीत भरवलेलं मेल आर्ट प्रदर्शन लष्करी राजवटीतल्या पोलिसांनी उघडल्या उघडल्या बंद पाडलं होतं आणि त्याला अटकही केली होती. तिथे पोलीस लागले. आमच्याकडे चपलांचं खोकं पुरलं.

दोन महिन्यांनी ते बसच्या तिकिटांचं कार्ड पाठवणाऱ्या बाईंचं पत्र आलं: यादीत माझं नाव नाही, कार्ड पोचलं नाही का? मी कळवलं, पोस्टात गहाळ झालं असावं. काकांच्या माथी मारून मोकळा झालो.

बाकी तुमच्या कामाचं. आवाहनात ‘पाकिटात घालू नका’ हे ठळक लिहा, नाहीतर शिक्के पाकिटावरच राहतात. कार्ड किमान १४ × ९ सेंटिमीटर हवं. अंतिम तारीख पावसाळ्यात नको, सोसायटीच्या पत्रपेट्या गळतात. कार्डं भिंतीला चिकटवू नका. पारदर्शक पाकिटांत घालून दोरीला टांगा, लोकांना मागची बाजूही बघू दे. हॉलची तारीख आधी, आवाहन नंतर. बालगंधर्वचं कलादालन हवं असेल तर फारच आधी. यादीत पत्ते छापण्यापूर्वी ज्याला त्याला विचारा.

आणि हो, शाळेत भरवणार असाल तर एखादं उघडंवाघडं कार्ड बाजूला ठेवावं लागेल. म्हणजे निवड आलीच, असं मित्र म्हणेल. म्हणू दे. बसची तिकिटं उघडीवाघडी नव्हती.

खोकं अजून माझ्या कॉटखाली आहे. सगळी ६३ लावणार असाल तर कळवा, आणून देतो.