जगभरातील घातक शैवालबहरांची नोंद कशी ठेवतात, आणि ते खरोखर वाढत आहेत का?

2021 मधील एका अभ्यासाला घातक शैवालबहरांमध्ये (म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवालांच्या अपायकारक, बेसुमार वाढीमध्ये) जगभर सरसकट वाढ आढळली नाही, तर 2023 मधील दुसऱ्या अभ्यासाला किनारी समुद्रांतील बहर स्पष्टपणे वाढलेले दिसले. यांपैकी कोणता खरा मानावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही ग्राह्य आहेत, कारण दोघांनी मोजलेली गोष्ट एकच नाही.

पहिला अभ्यास मुख्यतः ‘हेडॅट’ या नोंदसंग्रहावर आधारलेला आहे. युनेस्कोच्या आंतरसरकारी सागरविज्ञान आयोगाच्या पुढाकाराने चालणाऱ्या या संग्रहात निरनिराळे देश आपापल्या किनाऱ्यांवरील घटना नोंदवतात. येथे ‘घटना’ म्हणजे केवळ शैवालांची वाढ नव्हे. शिंपल्यांतील विष मर्यादेबाहेर गेले, मासे मोठ्या प्रमाणावर मेले, माणसे आजारी पडली किंवा पाण्याचा रंग बदलून अथवा फेस येऊन नुकसान झाले, तरच नोंद होते. थोडक्यात, हा संग्रह शैवालांचा नसून त्यांच्या उपद्रवाचा आहे, आणि उपद्रव दिसण्यासाठी तेथे मत्स्यशेती, शिंपल्यांची तपासणी करणारी प्रयोगशाळा किंवा निदान तक्रार करणारा कोणीतरी असावा लागतो.

1987 मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काहींची स्मृती कायमची अधू झाली आणि काहींचा मृत्यू झाला. यामागे ‘डोमोइक आम्ल’ हे विष होते आणि ते ‘स्यूडो-नित्शिया’ या डायाटमपासून (एका प्रकारच्या सूक्ष्म शैवालापासून) आले होते. डायाटम असे विष तयार करू शकतात, ही शंकाही तोपर्यंत फारशी कोणी घेतली नव्हती. त्यानंतर इतर किनाऱ्यांवर या विषाची तपासणी सुरू झाली, तसे ते ठिकठिकाणी सापडू लागले. हे विष त्या वर्षांत सर्वत्र पसरले की लोकांनी ते पहिल्यांदाच शोधले, हे केवळ नोंदींच्या वाढत्या संख्येवरून ठरवता येत नाही. 2021 च्या अभ्यासाने 1985 ते 2018 या काळातील 9,503 घटना तपासल्या तेव्हा नेमका हाच पेच समोर होता. काही प्रदेशांत वाढ, काहींत घट आणि काहींत बदलच नाही, असे चित्र निघाले. जगभर वाढ होत असल्याच्या समजामागे वाढलेली देखरेख आणि विस्तारलेली मत्स्यशेती असल्याचा निष्कर्ष लेखकांनी काढला. मला तो पटतो, मात्र ‘वाढ झालेली नाही’ असा त्याचा अर्थ लावणाऱ्या बातम्या पटत नाहीत.

2023 च्या अभ्यासाची साधने वेगळी होती. त्याने उपग्रहांवरील ‘मोडिस’ या उपकरणाच्या प्रतिमा वापरून 2003 ते 2020 या काळातील किनारी बहर मोजले. त्यात त्यांचे क्षेत्र 13.2 टक्क्यांनी आणि वारंवारता 59.2 टक्क्यांनी वाढलेली आढळली. उपग्रह सर्व किनारे सारख्याच नजरेने पाहतो, हे या पद्धतीचे बळ आहे (ढग आडवे आले नाहीत, तर). पण त्याला दिसतो तो पाण्याचा रंग, विष नव्हे. निरुपद्रवी बहरही त्या मोजणीत येतो; उलट ‘अलेक्झांड्रियम’ या सूक्ष्म शैवालाच्या लिटरमागे काही शे पेशी असल्या तरी शिंपल्यांत पक्षाघात घडवणारे विष साचू शकते, आणि तेवढ्याने पाण्याचा रंग मुळीच बदलत नाही. अशा वेळी पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावाचून आणि शिंपल्यांच्या मांसाची रासायनिक तपासणी करण्यावाचून गत्यंतर नसते. अनेक देशांत पक्षाघात घडवणाऱ्या या, म्हणजे ‘सॅक्सिटॉक्सिन’ वर्गातील, विषांसाठी किलोमागे 800 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ती ओलांडली की त्या भागातील शिंपल्यांची काढणी थांबवली जाते, आणि हेडॅटमधील बऱ्याच नोंदींचा उगम अशाच बंदीत असतो.

आपण या आकडेवारीवर स्वतः काम करणार असाल, तर सर्व प्रजातींची एकत्र बेरीज करू नये. एक प्रदेश, एक प्रजाती आणि एकाच प्रकारचा उपद्रव घेऊन त्याचा कालक्रम मांडावा, आणि त्याशेजारी त्या वर्षांत किती ठिकाणी व किती वेळा नमुने घेतले गेले याची माहितीही ठेवावी. ही दुसरी माहिती मिळवणे सर्वांत जिकिरीचे असते, कारण ‘तपासले, काही आढळले नाही’ अशी नोंद फार थोडे जण जपतात. त्यामुळे नकाशावरील कोरा किनारा सुरक्षित आहे की तेथे कोणी पाहिलेलेच नाही, हे तेथील देखरेखीची चौकशी केल्याशिवाय कळत नाही.