मामाजींचा चेहरा

“माझं काय चुकलं ते तरी सांगा, ताई.” समुपदेशनासाठी येऊन, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून हे वाक्य कितीतरी जणींनी म्हटलंय. घरातलं एखादं माणूस हसत नाही, बोलत नाही, सारखं रागात दिसतं आणि समोरची बाई रात्र-रात्र आपल्या चुका मोजत राहते. अशाच एका सुनेची गोष्ट तिला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. पोळा होऊन आठवडा झाला असेल. ती आली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मामाजी माह्यावर चिडूनच असतेत. चहा नेऊन देला तर भिंतीकडं पायल्यासारखं पायतेत. वर्ष झालं असंच हाय.” मामाजी म्हणजे तिचे सासरे. तिच्या बाळंतपणात पैसा गेला, त्या साली कपाशीही बुडाली. त्याचाच राग त्यांनी मनात धरलाय, अशी तिची खात्री झाली होती. नवरा म्हणे, वय झालं. एका डॉक्टरांनीही तेच सांगून परत पाठवलं होतं.

तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते पोराचं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, पाच वर्षांच्या पोरानं आपला लाकडी नंदी सजवला, चाकं करकरत ओढत पहिल्यांदा आबाजींकडे नेला. त्यांनी बोजारा म्हणून, म्हणजे नंदी आणणाऱ्या पोराला खुशीनं देतात तशी, दहाची नोट दिली, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पोरगं परत येऊन म्हणालं, “आबाजी कट्टी हायेत.” त्या दिवसापासून ते त्यांच्या बाजेजवळ फिरकलं नव्हतं.

मी आधी नैराश्य धरून चालले होते, हे कबूल करायला हवं. शेती, कर्ज, म्हातारपण, गप्प बसणं. आमच्या भागात मन तिकडेच धावतं, आणि धावायलाही हवं. पण अंगणवाडीच्या बैठकीसाठी त्याच गावात जायचं होतं, म्हणून त्यांच्या घरी डोकावले.

मामाजी छपरीत बाजेवर बसून तंबाखू मळत होते. मी बोलता बोलता त्यांचा अंगठाच बघत राहिले. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा दोनदा फिरायचा, मग अडायचा, मग पुन्हा हळूच सुरू व्हायचा. पापण्या फार क्वचित लवत होत्या. आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागे. पाणी आणायला उठले तेव्हा डावा हात चालीबरोबर हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. मी म्हटलं, “काका, दात दाखवा बरं.” त्यांनी व्यवस्थित दाखवले. पण शेजारच्या म्हाताऱ्यानं पोळ्यातली एक चावट झडती, म्हणजे यमक जुळवलेलं गाणं, म्हटली, सगळी छपरी हसली, आणि त्यांचा चेहरा होता तसाच राहिला.

मला तिथेच थोडा उलगडा झाला. सांगितल्यावर तोंड हलवायचं आणि आतून हसू फुटायचं, या दोन्हींचे मेंदूतले रस्ते वेगळे आहेत. पक्षाघातात कधी उलटं होतं: ‘हसा’ म्हटलं तर अर्धं तोंड हलत नाही, आणि गंमत ऐकली की तेच तोंड हसतं. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात डोपामिन हे रसायन कमी पडतं आणि आपोआप उमटणारे हावभावच मंदावतात. मराठीत या आजाराला कंपवात म्हणतात, आणि इथेच घोळ होतो. हात थरथरत नाही म्हणजे कंपवात नाही, असं घरचे धरून चालतात. पण पुष्कळांना सुरुवातीला थरथर नसतेच. निदान करणं माझं काम नव्हे. मी चिठ्ठी लिहून त्यांना नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि तिथे पार्किन्सनच निघाला.

सुनेला मात्र नुसतं आजाराचं नाव सांगून भागणार नव्हतं. तिनं वर्षभर त्या चेहऱ्यात राग वाचला होता, आणि तो तिला खराच दिसला होता. आपण समोरच्याचा चेहरा नुसता बघत नाही, त्यात आपली भर घालतो. मन धास्तावलेलं असलं की कोरा चेहराही रागीट वाटतो. शिवाय आपण हसलो की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल, अशी नकळत वाट बघत असतो. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात आयांना सांगितलं की बाळासमोर बसून दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निश्चल ठेवा. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला बोलवायची, मग कावरीबावरी व्हायची, तोंड फिरवायची. हे सांगताच ती म्हणाली, “माहं पोट्टं बी तसंच फिरलं.” आणि रडली.

मामाजींशी मी वेगळं बोलले. उदासी या आजारात पुष्कळदा सोबत येते, म्हणून झोप, भूक, जिवाचं बरंवाईट, सगळं सरळ विचारलं. ते थांबून म्हणाले, “पोटात समदं होते जी. थोबाडावर येत नाइ.” नंदी आणला तेव्हा काय वाटलं, असं विचारल्यावर ते बराच वेळ पोराच्या नंदीकडे बघत राहिले. डोळे भरले होते. चेहरा तोच.

मग आम्ही घरात एकच गोष्ट ठरवली: जे चेहऱ्यावर येत नाही ते तोंडानं सांगायचं. जन्मात ‘मला आनंद झाला’ असं न म्हटलेल्या माणसाला हे जड जाणारच. गोळ्यांनी त्यांची चाल सुधारली, चेहरा थोडाच. पण पोरानं मार्ग काढला. नंदी बाजेला टेकवून ते विचारायचं, “आबाजी, हासले का?” आणि आतून बारीक आवाज यायचा, “हाव. लय हासलो.”

वेचणी सुरू झाल्यावर सून पुन्हा आली. चहा देताना पोटात अजून धस्स होतं, म्हणाली. पण आता ती कप देऊन पळत नाही. उभी राहून विचारते, बरा झाला का.

“मंग काय म्हणतेत?”

“काल म्हणाले, साखर कमी हाय.” हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला, जणू बोजारा तिलाच मिळाला होता.